शोरूमसमोरच्या चारशे मीटरांत गाडी कळत नाही – हलकी स्ट्रीट बाइक घेण्याआधी टेस्ट राइड कशी घ्यावी?

पाळधीमार्गे | २३ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

तेरा वर्षं एकच शंभर सीसीची गाडी वापरतोय. धरणगावहून पाळधी, बांभोरी, गिरणेचा पूल आणि मग जळगाव, असा रोजचा रस्ता. एका बाजूने तीसेक किलोमीटर. इंजिनचं काम दोनदा करून झालं, आता तिसऱ्यांदा पैसे घालण्यात अर्थ नाही असं आमच्या फिटरनेच सांगितलं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नवी गाडी दारात यावी असं घरात ठरलंय.

मला हलकीच गाडी हवी आहे, आणि त्याचं कारण रस्त्यावर नाही, घरी आहे. आमचं घर जुन्या गल्लीत. दारापुढे ओटा, ओट्याला सिमेंटचा चढ, आणि गाडी रोज रात्री त्या चढावरून ढकलत आत घ्यायची. गल्ली इतकी अरुंद की मागे येऊन जोर लावायला जागा नाही, दम लावून एका झटक्यात चढवावी लागते. माझी उंची पाच फूट पाच इंच, वजन अठ्ठावन्न किलो. मागे बायको बसते, महिन्यातून दोनदा चोपड्याला सासरवाडीला जाणं होतं.

कागदावर तीन गाड्या निवडल्या. रेडर १२५: वजन १२३ किलो, सीटची उंची ७८० मिलिमीटर. अपाचे आरटीआर १६० ४व्ही: वजन १४५ किलोच्या आसपास, सीट ८०० मिलिमीटर, टाकी १२ लिटरची. आणि एमटी-१५: १४१ किलो, सीट ८१० मिलिमीटर, ताकद १८.४ पीएस, सहा गिअर. खरं सांगतो, मनात तिसरी भरलेली. पोस्टर बघूनच भरली होती.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या शनिवारी जळगावात पहिल्या शोरूमला गेलो. लायसन्सचा फोटो काढला, गाडी काढली, एक मुलगा मागे बसला. निघाल्याबरोबर म्हणाला, "भाऊ, तो खांब दिसतो ना, तिथून वळवून आणा." खांब दोनशे मीटरवर. जाऊन-येऊन चारशे. दुसऱ्या गिअरच्या वर टाकायला वावच मिळाला नाही. परत आलो तर टेबलावर बुकिंगचा फॉर्म तयार, आणि पहिला प्रश्न, "रंग कोणता लिहू?"

घरी येताना पुलावर मनाशीच विचार केला. ब्रेक कसा लागत होता? आठवेना. क्लच जड होता की हलका? सांगता येईना. मनगटावर भार येत होता का? माहीत नाही. लाखाच्या वरची वस्तू, पुढची दहा वर्षं रोज साठ किलोमीटर जिच्यावर बसायचं, आणि तिच्याबद्दल मला फक्त आवाज लक्षात राहिला होता. मला हे फार लागलं. आमच्याकडे बैल घ्यायचा झाला तर माणूस आधी चालवून बघतो, दात बघतो, औताला जुंपून दोन तास काढतो. गाडीच्या बाबतीत आपण खांबापर्यंत जाऊन येतो आणि हजार रुपये टोकन देतो.

फॉर्म भरला नाही. "घरी बोलून कळवतो" म्हणालो आणि निघालो.

तर प्रश्न असा: टेस्ट राइडमध्ये नेमकं काय बघायचं? किती वेळ मागायचा? मागे बायकोला बसवून चालवू देतात का? ज्यांनी अलीकडे गाडी घेतली त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती. पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार आहे.

---

कान्हदेशी_पोऱ्या | २३ मार्च, रात्री १०:०५

भाऊ, घाई करू नको. पहिले चालाडी देख, मंग पैसा दे. फॉर्म भरा नही हाई बेस करं.

---

पानापेटी | २३ मार्च, रात्री ११:२२

भुसावळला माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक गाडी घेऊन झाल्यावर माझ्याकडे येतं आणि विचारतं, "मिस्त्री, ही बरोबर घेतली ना?" तुम्ही आधी विचारताय, म्हणून बैजवार लिहितो.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. डेमो गाडी म्हणजे तुम्हाला मिळणारी गाडी नाही. तिच्यावर रोज वेगवेगळे हात पडतात. कोणी क्लच अर्धा दाबून रेस करतं, कोणी थंड इंजिन फिरवतं. त्यामुळे डेमोचा क्लच जरा घसरतोय किंवा चेन वाजतेय म्हणून मॉडेल वाईट ठरवू नका. उलटही खरं आहे: डेमोचं इंजिन दोन-तीन हजार किलोमीटर चालून मोकळं झालेलं असतं, तुमची गाडी पहिले हजार किलोमीटर थोडी आवळलेली वाटेल.

बसण्याआधी पाच मिनिटं गाडीभोवती फिरा. दोन्ही टायरची हवा बघा. डेमो गाडीत हवा कमी असते हा माझा नेहमीचा अनुभव. हवा कमी असली की हलकी गाडीसुद्धा वळायला जड लागते, आणि जास्त असली की प्रत्येक खडा मणक्यापर्यंत पोचतो. शोरूममध्ये कॉम्प्रेसर असतोच, तुमच्यासमोर हवा भरून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्याने अर्ध्या शंका जातात.

मग इंजिनवर हात लावून बघा, गार आहे का. गार असेल तर स्वतः स्टार्ट मारा. पोरं आधीच गाडी गरम करून ठेवतात, त्यात फसवणूक नसते, पण गार इंजिन कसं उठतं ते तुम्हाला कळत नाही. आताच्या बहुतेक गाड्या २०२० च्या बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमानंतर कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवर आहेत, चोक ओढायची भानगड नाही. एका सेल्फमध्ये उठून आवाज स्थिर झाला पाहिजे.

रस्त्यावर गेल्यावर वेग सोडून द्या, वेग कोणतीही नवी गाडी देते. माणूस चालतो त्या वेगाने चालवा. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, रेस न देता, गाडी सरळ जाते की हिसके मारते? जळगावच्या अजिंठा चौफुलीवर संध्याकाळी सहा वाजता तुम्हाला हेच करायचं आहे, रोज. मग मोकळ्या जागी हँडल पूर्ण वळवून एक गोल मारा. हँडल टाकीला किंवा तुमच्या मांडीला अडतं का? एमटी-१५ सारख्या गाडीत हँडल कमी वळतं, गल्लीतल्या माणसाला ते कळलं पाहिजे.

टॉप गिअरला साठवर आणा आणि एक मिनिट तसंच राहा. तळहाताला, पायाच्या तळव्याला, टाकीला मुंग्या येतात का ते बघा. शंभर मीटरमध्ये हे कळत नाही, दोन किलोमीटर लागतात. परत येताना, गाडी तापलेली असताना, उभं राहून न्यूट्रल शोधा. गार गाडीत न्यूट्रल लोण्यासारखं पडतं, तापल्यावरच खरं कळतं.

ब्रेक: मागे कोणी नाही बघून चाळीसवरून आधी फक्त पुढचा, मग फक्त मागचा, मग दोन्ही. १२५ च्या वरच्या सीसीला २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) लागतंच, १२५ पर्यंत सीबीएसवर चालतं. दोन्हींचा हाताला आणि पायाला फरक कळू द्या. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. जुन्या गाडीवरून येणाऱ्याला ते आधी चमत्कारिक वाटतं.

आणि शेवटी इंजिन बंद करून गाडी ढकला. तुमच्या बाबतीत तर हे आधी करा. अकरा पीएस की अठरा पीएस हे तुमच्या ओट्याला माहीत नाही.

---

पाळधीमार्गे | २४ मार्च, सकाळी ७:१०

मिस्त्री, हे सगळं वहीत लिहून घेतलं. ढकलून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि गरज तर तीच आहे.

---

देवपूरची | २४ मार्च, दुपारी १:३०

मी धुळ्याची, उंची पाच फूट एक इंच, मागच्या दसऱ्याला १६० सीसीची गाडी घेतली. उंचीबद्दल लिहिते, कारण आकडा बघून लोक घाबरतात किंवा उगाच निर्धास्त होतात.

सीटची उंची मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, पण पाय टेकतात की नाही हे सीटच्या रुंदीवर जास्त अवलंबून असतं. टाकीजवळ सीट निमुळती असेल तर ८०० ची गाडी ७८० च्या रुंद सीटपेक्षा सोपी जाते. शिवाय तुम्ही बसल्यावर शॉकअप किती दबतात हेही आहे. माझं वजन कमी, माझ्या खाली ते फारसे दबत नाहीत, आणि तीच गाडी माझ्या भावाला बुटकी वाटते. म्हणून दुसऱ्याच्या "पाय आरामात टेकतात" वर विश्वास ठेवू नका.

शोरूमच्या फरशीवर पाय टेकवून काही कळत नाही, तिथे जमीन सपाट असते. मी गाडी पांझरेच्या काठच्या उतारावर नेली, डावीकडे कललेल्या रस्त्यावर उभी केली आणि डाव्या पायावर तोलून बघितली. एका गाडीवर तिथे माझा पाय अधांतरी राहिला. ती तिथेच सोडली, जरी दिसायला तीच सगळ्यांत छान होती.

रोजच्या चपला-बूट आणि कपडे घालून जा. मी उन्हाळ्यात सनकोट आणि स्कार्फ घालते, आपल्याकडे मे महिन्यात त्याशिवाय बाहेर पडता येत नाही. सनकोटाच्या बाह्या आरशाआड येतात का, हेल्मेट घातल्यावर मीटर दिसतो का, हे तेव्हाच कळतं. हेल्मेट स्वतःचं न्या, शोरूमचं सैल हेल्मेट वाऱ्यात इतका आवाज करतं की इंजिनचं काहीच ऐकू येत नाही.

एक गोष्ट मनाला लागली ती सांगते. एका दुकानात सेल्समन माझ्या प्रश्नांची उत्तरं माझ्या भावाकडे बघून देत होता. लायसन्स माझं, पैसे माझे, गाडी मी चालवणार. मी तिथून घेतली नाही. ज्या दुकानात एका ताईंनी गाडीची चावी सरळ माझ्या हातात दिली आणि "उतारावर न्यायची का? चला," म्हणाल्या, तिथून घेतली.

---

सातपुडा_स्वार | २४ मार्च, संध्याकाळी ६:४५

शहाद्याहून. माझं मत वेगळं आहे आणि ते मांडतो. हलकी गाडी, हलकी गाडी म्हणून लोक मागे लागतात, पण त्रेपन्न नंबर हायवेवर समोरून चौदा चाकी ट्रक ऐंशीने गेला की हलकी गाडी हाताभर बाजूला सरकते. मी स्वतः दोंडाईचा रोडवर हे भोगलंय. धरणगावकरांनी पाळधीपासून पुढे हायवेच धरायचा आहे. मी तर म्हणेन दीडशे किलोच्या खाली बघूच नका.

---

पानापेटी | २४ मार्च, रात्री ८:१५

स्वार भाऊ, हवेचा झोत खरा आहे, पण दोष सगळा वजनाचा नाही. टायर किती रुंद, हँडल किती रुंद, बसणारा ताठ बसतो की वाकून, मागे कोणी आहे का, या सगळ्यांचा हिशोब आहे. हँडल घट्ट आवळून धरलं की झोत थेट हँडलमधून चाकाला जातो आणि गाडी डोलते. गुडघ्यांनी टाकी धरली आणि हात सैल सोडले की तीच गाडी सरळ राहते. माझ्याकडे १८० किलोच्या गाडीवाला पण "डोलते" म्हणून येतो, आणि बघावं तर मागच्या टायरमध्ये हवा निम्मी.

पण तुमच्या बोलण्यातून एक काम निघतं, ते करावं: टेस्ट राइड हायवेवर न्या आणि एक-दोन ट्रक बाजूने जाऊ द्या. मग धरणगावकरांनीच ठरवावं.

---

सातपुडा_स्वार | २४ मार्च, रात्री ९:०२

हवेचं मान्य. माझ्या गाडीची हवा मी तेव्हा बघितली नव्हती. तरी हायवेवर नेल्याशिवाय घेऊ नका, हे पुन्हा सांगतो. आणि जमलं तर घाटात. तोरणमाळच्या सात पायरीवर दुसऱ्या गिअरमध्ये डबलसीट चढून बघितल्यावर मला १२५ आणि १६० मधला फरक कळला. सपाटीवर दोन्ही सारख्याच वाटत होत्या.

---

केळीचा_घड | २५ मार्च, सकाळी ६:२०

रावेर तालुक्यातून लिहितोय. मुलाला अठरा पूर्ण झाली, त्याच्यासाठी बघतोय म्हणून धागा वाचला. शेतकऱ्यांसाठी दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत.

पहिली, स्टँड. पुष्कळ नव्या स्ट्रीट गाड्यांना मधला स्टँड येतच नाही, फक्त बाजूचा. आपली काळी माती. पावसाळ्यात बांधावर बाजूच्या स्टँडवर गाडी लावली की स्टँड रुततं आणि गाडी आडवी. आम्ही सपाट दगड नाहीतर फरशीचा तुकडा डिक्कीत, पिशवीत ठेवतो. चेनला तेल द्यायलाही मधला स्टँड नसला की दुसरा माणूस लागतो. घेण्याआधी खाली वाकून बघा, स्टँड आहे का आणि नसेल तर बसवता येतो का.

दुसरी, मडगार्ड आणि टायरमधलं अंतर. ओल्या काळ्या मातीत दोनशे मीटर गेलं की गारा (चिखल) मडगार्डात भरतो आणि पुढचं चाक फिरायचं थांबतं. दिसायला चाकाला चिकटलेलं मडगार्ड सुंदर दिसतं, पण आमच्या कामाचं नाही. बोटं घालून बघा किती फट आहे.

आणि साडी गार्ड. मागे साडी नेसलेलं माणूस बसणार असेल तर ते आहे का बघा. नियमात मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण आणि मागच्या माणसाला धरायला हँडल सांगितलेलं आहे. डेमो गाडीवरून ते काढून ठेवलेलं असतं, म्हणून गाडी जास्त छान दिसते. "साडी गार्ड लावलेली गाडी दाखवा" असं सरळ म्हणा.

---

मेहरूण_काठ | २५ मार्च, सकाळी ११:००

कागदांचं थोडक्यात. डेमो गाडीची लाल पाटी आणि पांढरी अक्षरं असतील तर ती डीलरच्या ताब्यातली, पासिंग न झालेली गाडी. शोरूमचा माणूस मागे बसतो तो त्यामुळेही असतो, त्याच्यावर चिडू नका, "सोबत या, पण रस्ता मी ठरवतो" एवढं म्हणा. विम्याची प्रत बघायला मागा. गिअरच्या गाडीचं पक्कं लायसन्स खिशात असू द्या, शिकाऊवर टेस्ट राइड नको.

कोटेशन घ्याल ते आजच्या तारखेचं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, इंटरनेटवर जुने भाव अजून फिरतात. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरून घेतलेला चालतो. आणि नियमाप्रमाणे गाडीसोबत हेल्मेट द्यावं लागतं. त्याचे वेगळे पैसे लावलेत का ते कोटेशनमध्ये बघा.

---

कान्हदेशी_पोऱ्या | २५ मार्च, दुपारी १२:१५

शनिवारी दोपारले जा भाऊ. सकाळनी थंडाईमा सर्व्या गाड्या चांगल्याच वाटतंस.

---

देवपूरची | २५ मार्च, दुपारी २:४०

दुपारचं अगदी बरोबर. माझ्या यादीत हे राहिलं होतं. चाळीस डिग्रीत सिग्नलला उभं राहिल्यावर इंजिनची धग मांडीला किती लागते ते बघाच.

---

पाळधीमार्गे | २८ मार्च, रात्री १०:३०

मंडळी, आज दिवसभर फक्त हेच काम केलं. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत.

शुक्रवारी तिन्ही शोरूमला फोन केले. सांगितलं की शनिवारी बायकोला घेऊन येतो, वीस मिनिटं गाडी लागेल, बांभोरीच्या पुलापलीकडे जाऊन येईन, मुलगा सोबत हवा असेल तर तो दुसऱ्या गाडीवर येऊ दे. दोन ठिकाणी लगेच हो म्हणाले. गेल्या वेळी खांबापर्यंत पाठवणाऱ्या दुकानानेसुद्धा व्यवस्थापकाशी बोलल्यावर हो म्हटलं. म्हणजे मागितलं की मिळतं. मी गेल्या वेळी मागितलंच नव्हतं.

साडेबाराला सुरुवात केली. ऊन मी म्हणत होतं. बायको साडी नेसून आलेली, मी रोजचा शर्ट, रोजचे बूट, स्वतःचं हेल्मेट. तिच्यासाठीही हेल्मेट घेतलं.

आधी एमटी-१५. एकट्याने पाच मिनिटं चालवली तेव्हा मन हरखून गेलं. गाडी नुसती बघाल तिकडे वळते. इंजिनचे फेरे सात हजारांच्या वर गेले की व्हीव्हीएचा (इंजिनचे व्हॉल्व्ह जास्त उघडणारी सोय) दुसरा दम लागतो, तो पोटात जाणवतो. क्लच दोन बोटांनी दाबला जातो. साठवर टॉप गिअरला हाताला काही म्हणजे काही जाणवलं नाही. मग बायको बसली. मागची सीट उंच आणि छोटी. साडीत तिला चढायला माझ्या खांद्यावर पूर्ण भार द्यावा लागला, आणि तेवढ्या वेळात माझे पाय चवड्यांवर उचलले गेले. पुलाच्या अलीकडे ब्रेक लावला की ती माझ्या पाठीवर येऊन आदळायची. तीन किलोमीटरनंतर तिने खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "तुम्हाला आवडली असेल तर घ्या, पण चोपड्याला मी एसटीने येत जाईन." ती रागाने बोलली नव्हती. मला तिथेच उत्तर मिळालं. दोघांसाठी घ्यायची गाडी एकाच्या आवडीने घेता येत नाही.

रेडर. हिच्यावर बसल्याबरोबर दोन्ही तळवे जमिनीवर. चालत्या माणसाच्या वेगाने क्लच सोडून सोडली, रेशमासारखी गेली. मिस्त्रींचा गोल एका दमात झाला. बायको एका पावलात चढली, सीट लांब आणि सपाट आहे, ती म्हणाली पलंगावर बसल्यासारखं वाटतंय. हायवेला आलो. साठपर्यंत सगळं छान. पण दोघं बसलेलो असताना पुढे उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या, आणि त्याला ओलांडताना मला गिअर दोनदा खाली टाकावा लागला, तरी मागचा टेम्पो आरशात मोठा होत गेला. मी एकटा असतो तर हीच गाडी डोळे मिटून घेतली असती. रोज गावातल्या गावात फिरणाऱ्याने दुसरीकडे बघायची गरज नाही, असं माझं मत झालं.

अपाचे १६०. ऑइल-कूल्ड, म्हणजे तेलाने थंड होणारं इंजिन. दुपारी दीडला आकाशवाणी चौकात सिग्नलला मुद्दाम दोनदा अडकलो. धग उजव्या पोटरीला जाणवली, पण सोसण्यासारखी होती. क्लच तिघींत थोडा जड. तापल्यावर न्यूट्रल पहिल्या खेपेला पडलं नाही, दुसऱ्या खेपेला पडलं. चाळीसवरून पुढचा ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत थांबली आणि बायको जागची हलली नाही, कारण मागे धरायला हँडल तिच्या हाताशी नीट येतं. हायवेला दोन ट्रक बाजूने जाऊ दिले. हात सैल सोडले, गुडघ्यांनी टाकी धरली. झोत लागला, पण गाडी आपल्या ओळीत राहिली. स्वार भाऊ, हे तुमच्यामुळे बघितलं.

आता ओट्याचं. जळगावहून गाडी धरणगावला आणून दाखवा असं सांगता येत नाही, म्हणून काल रात्री घरच्या चढाची मापं घेतली: चार फूट लांबीत सव्वा फूट उंची. शोरूममागे सर्व्हिसिंगला गाड्या चढवायचा सिमेंटचा उतार आहे, तो टेपने मोजला, जवळजवळ तेवढाच निघाला. तिथल्या मिस्त्रीला विचारून इंजिन बंद करून गाडी ढकलली. रेडर एका दमात वर गेली. अपाचे अर्ध्यावर थांबली. दुसऱ्यांदा लांबून धाव घेऊन चढवली, पण रोज रात्री दमून आल्यावर हे जमणार नाही, हे मला तिथेच कळलं.

म्हणजे रस्त्यावर एक गाडी पटली आणि दारात दुसरी. घरी येऊन बायकोशी बराच वेळ बोललो. ती म्हणाली, "गाडी बदलण्यापेक्षा चढ बदला." साधी गोष्ट, पण मला सुचली नव्हती. चढाची लांबी चारवरून सात फूट केली तर गल्लीत तीन फूट पुढे येईल. शेजाऱ्यांना विचारलं, त्यांची हातगाडी आत जायलाही सोपं होईल म्हणाले. त्यांची हरकत नाही.

मिस्त्री, सात फुटांचा ढाळ पुरेल का? की पहिल्या गिअरवर, बाजूने चालत, क्लच सोडत गाडी चढवावी?

---

पानापेटी | २८ मार्च, रात्री ११:१०

सात फूट पुष्कळ झालं. सिमेंट ओलं असतानाच आडव्या खाचा पाडून घ्या, पावसात चपला आणि टायर दोन्ही घसरणार नाहीत. बाजूने चालत गिअरवर चढवू नका. अरुंद गल्लीत रेस जास्त झाली की गाडी हातातून सुटते आणि माणूस भिंतीत दाबला जातो. माझ्याकडे असा एक जण हात मोडून आलेला आहे. एक तर ढकला, नाहीतर वर बसून नीट चालवत न्या.

न्यूट्रलचं मनावर घेऊ नका, डेमोची क्लच केबल ढिली असणार. तुमच्या गाडीला डिलिव्हरीच्या वेळी समोर ॲडजस्ट करून घ्या. ताबा घेताना चासी नंबर आणि इंजिन नंबर बिलाशी ताडून बघा, गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा, आणि ज्या गाडीचा नंबर बिलावर आहे तीच गाडी थोडी चालवून बघूनच चावी घ्या. टेस्ट राइड डेमोची झाली, तुमच्या गाडीची व्हायची आहे.

---

केळीचा_घड | २९ मार्च, सकाळी ५:५०

वहिनींनी दिलेला सल्ला सगळ्या धाग्यात भारी. साडी गार्डचं काय झालं?

---

पाळधीमार्गे | २९ मार्च, सकाळी ७:२५

लावलेली गाडी बघितली, कोटेशनमध्ये लिहून घेतलं. हेल्मेटचे वेगळे लावलेले पैसे मेहरूणकरांनी सांगितल्याप्रमाणे विचारल्यावर काढले. टोकन आज देतोय, रंग बायको सांगेल तो. गवंडी मंगळवारी येणार आहे, खाचांचं त्याला सांगून ठेवलंय.